मशीनने आतून दार लावलं

बाथरूमचं दार आतून अडकलं आहे आणि आत कोणीच नाही, हे आधी ओहमबाईंच्या लक्षात आलं.

त्यांनी दार ढकललं. ते बोटभर उघडलं आणि थांबलं. पुन्हा ढकललं, तर आतून कोणीतरी खांदा लावून उभं असावं तसं ते परत आलं.

"अहो, आत आहात का?"

"नाही. मी हॉलमध्ये आहे," घर्षणसर हॉलमधून म्हणाले.

"मग आत कोण आहे?"

घरात दोनच माणसं राहत असताना असा प्रश्न आला की माणूस पेपर बाजूला ठेवतो. सर उठून आले. त्यांनी फटीला डोळा लावला. आत पांढरं, चौकोनी, थंडगार असं काहीतरी दाराला टेकून उभं होतं आणि पोटात पाणी भरून घेत होतं.

"मशीन आहे," सर म्हणाले.

"मशीन भिंतीशी असतं."

"असायचं. आता इथे आहे."

दोघंही एकाच कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. सर गती आणि बलं शिकवत, बाई वीज. 'घर्षणसर' आणि 'ओहमबाई' ही नावं मुलांनी ठेवली होती, आणि ती इतकी चपखल बसली होती की प्राचार्यसुद्धा मीटिंगमध्ये चुकून तीच घेत. लग्नानंतर दोघांनी घरही तसंच वाटून घेतलं. जे हलतं ते सरांचं, ज्यातून वीज वाहते ते बाईंचं. दारं, खिडक्या, ड्रॉवर, पडदे सरांकडे. दिवे, इस्त्री, मिक्सर बाईंकडे. पंख्याची पाती पुसायची ती सरांनी, रेग्युलेटर बिघडला तर बघायचा तो बाईंनी. आणि एक नियम होता: एकाचं काम चालू असताना दुसऱ्याने मध्ये पडायचं नाही. या नियमामुळेच आपला संसार सुखाचा झाला असं दोघंही सांगत. अर्थात एकमेकांच्या गैरहजेरीत.

वॉशिंग मशीन मात्र हलतही होतं आणि त्यातून वीजही वाहत होती. त्यामुळे त्याला धड वाली नव्हता.

ते जुनं, गोल कळीचं मशीन होतं. कपडे पिळायला लागलं की थरथरत पुढे सरकायचं. सरकलं की वायर ताणली जायची, बाहेर पॅसेजमधल्या सॉकेटातून प्लग निसटायचा आणि मशीन गप्प व्हायचं. मग कोणीतरी ते मागे ढकलायचं, प्लग लावायचा, आणि धुणं पुढे चालू. कितीतरी वर्षं हे असंच चाललं होतं आणि कोणाची काही तक्रार नव्हती.

पण आता आई येणार होत्या. आई म्हणजे बाईंच्या आई, एका मोठ्या इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. एकट्या राहत होत्या. मध्यंतरी स्वयंपाकघरात पाय घसरून पडल्या आणि सकाळपर्यंत तशाच पडून राहिल्या. हे त्यांनी लेकीला सांगितलंसुद्धा नव्हतं, शेजारणीने सांगितलं. तेव्हापासून बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. रोज फोन, रोज विनवण्या. शेवटी आई म्हणाल्या, "आठ दिवस येऊन बघते. पण तुमच्या घरात माझं काय काम? तुम्ही सगळं वाटून घेतलंय. मी काय खुर्चीत बसून दोघांकडे बघू? नाही करमलं तर परत जाणार, मग फोनवर रडायचं नाही."

ते आठ दिवस आता डोक्यावर होते. घरात काही म्हणजे काही बिघडता कामा नये, असं दोघांनी ठरवलं होतं. फक्त वेगवेगळं ठरवलं होतं.

बाईंना तो सैल प्लग कधीचा डाचत होता. सैल जोड म्हणजे तिथे रोध जास्त, रोध जास्त म्हणजे उष्णता, आणि उष्णता म्हणजे एक दिवस भिंत काळी. सर कॉलेजात असताना त्यांनी नवं घट्ट सॉकेट बसवलं. वायरही लांब घातली, म्हणजे ताण नको. लांब वायरीचा रोध वाढतो म्हणून ती चांगली जाडही घेतली. मशीन सरकेल त्याचं काय? सरकून सरकून सरकेल किती, पायांना रबर आहे ना, असा त्यांनी विचार केला.

सरांना डाचत होती फरशी. मशीन मागे ढकलताना ते रबर फरशीला घासायचं आणि सरांच्या कमरेत कळ यायची. बाई बाजारात गेल्या होत्या तेव्हा त्यांनी मशीनच्या पायांखाली फर्निचर सरकवायच्या गुळगुळीत चकत्या चिकटवल्या. आता मशीन एका बोटाने सरकत होतं. मग ते पुढेही जास्त सरकेल, हे सरांना कळत होतं. पण प्लग निसटतोच की, असा त्यांनी विचार केला.

आणि आज आईंच्या अंथरुणासाठी म्हणून बाईंनी जाड लोकरी ब्लँकेट मशीनमध्ये टाकलं. पाणी प्यायल्यावर त्या ब्लँकेटचा एकाच बाजूला गोळा झाला, मशीन पिळायला लागलं, डगडगलं, निघालं, आणि त्याला थांबवणारं आता या घरात काहीच उरलं नव्हतं.

"तुम्ही चकत्या लावल्यात?" सगळा खुलासा झाल्यावर बाई म्हणाल्या. "मला न विचारता?"

"हलणारी वस्तू आहे. माझ्या खात्यातली. तू वायर बदललीस, मला विचारलंस?"

"वीज माझ्याकडे आहे."

मशीनचं बटण बाहेर पॅसेजमध्ये होतं. बाईंनी बटण बंद केलं. सरांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या, दाराला खांदा लावला आणि ढकललं. दार तसूभर हललं नाही.

"पाणी भरलंय आत," सर धापा टाकत म्हणाले. "वस्तुमान वाढलंय. आधी पाणी काढायला हवं."

"काढते. तुम्ही बाजूला व्हा."

सर बाजूला झाले. बाईंनी बटण लावलं. मशीनने आधी निवांतपणे ब्लँकेट खळबळलं, मग घशात गुळणी फिरवावी तसा आवाज काढत पाणी सोडायला सुरुवात केली. आता पिळणं सुरू व्हायच्या आत बटण बंद करायचं, असा बेत होता. तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "आई! ती तर संध्याकाळी येणार होती!"

"आधीची बस मिळाली," दार उघडताच आई म्हणाल्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात बॅग, खांद्याला विणकामाची पिशवी. "रस्ता इतका वाईट, सगळी हाडं खिळखिळी झाली. सरा बघू, मला आधी बाथरूमला जाऊ दे."

मुलगी आणि जावई दोघंही दारातच उभे राहिले.

"आधी बस ना गं," बाई म्हणाल्या. "पाणी आणते."

"पाणी नको."

"मग चहा?" सरांनी विचारलं.

"जावईबापू, मी काय म्हणाले ते ऐकलंत ना? त्यावर चहा हा उपाय नाही."

"सरबत?" सरांच्या तोंडून निघून गेलं, आणि बाईंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ते उगाच बॅग उचलून आत ठेवायला गेले.

पण उभा जन्म पेशंटांची खोटी दुखणी ओळखण्यात घालवलेल्या मेट्रनपुढे हे किती चालणार? आई खुर्चीत बसल्या, काठी पुढे टेकवली आणि म्हणाल्या, "काय लपवताय?"

"मशीन बाथरूमच्या दाराआड अडकलंय," बाई रडवेल्या होऊन म्हणाल्या. "आतून."

"आणि आत कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग ते आतून कसं अडकलं?"

सरांनी तोंड उघडलं. ते ब्लँकेटपासून सुरुवात करणार हे ओळखून बाईंनी घाईने विचारलं, "आई, खाली शेजाऱ्यांकडे जाऊन येतेस? समोरचे तर बाहेरगावी गेलेत."

"तीन जिने उतरायचे, परत तीन चढायचे, तेही या गुडघ्यांनी? आणि पहिल्याच दिवशी लोकांकडे जाऊन काय सांगू, की माझी लेक आणि जावई दोघंही शिकलेले आहेत पण घरात जायला बाथरूम नाही? नको. थांबते मी. तुम्ही काय ते करा, पण लवकर करा."

एवढ्यात आतून वेगळाच घुरघुराट सुरू झाला. बोलण्याच्या नादात पाणी संपलं होतं आणि मशीन पिळायला लागलं होतं. बाई धावल्या, त्यांनी बटण बंद केलं. पण मशीनने तेवढ्यात वेळ साधली होती. बोटभर फट आता नखाएवढी झाली होती.

"आता माझं," सर म्हणाले आणि दाराला भिडले. पाणी गेलं होतं, चकत्या गुळगुळीत होत्या, तरी दार हलेना. सरांनी जमिनीवर आडवं होऊन दाराखालून पाहिलं. मशीन फिरून तिरपं झालं होतं. त्याचा एक कोपरा दाराला आणि समोरचा बेसिनच्या खांबाला टेकला होता.

"मी जेवढ्या जोराने ढकलतो तेवढ्याच जोराने बेसिन मला परत ढकलतंय," ते उठत म्हणाले.

"बेसिनशी भांडण नंतर करा," खुर्चीतून आवाज आला.

"तरफ हवी." सर हॉलमध्ये गेले आणि पडद्याचा दांडा काढून घेऊन आले. पडद्यासकट काढावा लागला, कारण घाई होती. दांड्याचं टोक त्यांनी त्या नखाएवढ्या फटीत घातलं, दुसऱ्या टोकावर सगळं अंग टाकलं, आणि दांडा मोठ्या समजूतदारपणे अर्धगोल झाला. आई येणार म्हणून बाईंनी कालच धुऊन लावलेला पडदा सरांच्या खांद्यावरून खाली लोळत होता. तो अवतार बघून आईंना हसू फुटलं, आणि लगेच त्यांनी ते आवरलं.

"हसवू नका हो मला," त्या कळवळून म्हणाल्या. "आत्ता हसवू नका."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना आठ दिवस दिसत नव्हते. उद्या सकाळची परतीची बस दिसत होती, आणि त्यापुढे ते स्वयंपाकघर, ती फरशी, आणि सकाळपर्यंत कोणाला हाक न मारता पडून राहिलेली आई.

"आता मी बघते," त्या नाक ओढत म्हणाल्या. "पिळताना आलंय ना, पिळतानाच जाईल. चालू करून बघते. तुम्ही दारापासून लांब व्हा."

"मी ढकलत राहू का?"

"माझं काम चालू आहे ना आता? मग?"

नियम तो नियम. सर वाकडा दांडा घेऊन बाल्कनीत सरळ करायला गेले. बाईंनी बटण लावलं आणि प्लग तापतोय का ते बघायला त्या सॉकेटवर हात धरून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. आत मशीन धडधडायला लागलं. सगळं घर थरथरू लागलं.

आईंना आता खुर्चीत बसवेना. त्या उठल्या, काठी टेकत पॅसेजमध्ये आल्या. उभंही राहवेना, म्हणून त्यांनी टेकायला जवळ होतं ते दार घेतलं. दाराला पाठ लावली आणि डोळे मिटले.

मशीन पिळत असताना त्याचे पाय क्षणाक्षणाला फरशीवरून उचलले जात होते. उचललेल्या पायाला कसलं आलंय घर्षण? मशीन चालू असताना कोणी नुसतं टेकलं असतं तरी ते सरकलं असतं. पण सर ढकलायचे तेव्हा मशीन बंद असायचं, आणि मशीन चालू असायचं तेव्हा सर बाजूला झालेले असायचे. दोघांच्याही खात्यात न बसणाऱ्या माणसाचीच तिथे गरज होती. आईंच्या पाठीमागे दार हळूच, न कुरकुरता, मागे गेलं.

बाईंनी मागे वळून पाहिलं तेव्हा पॅसेज रिकामा होता. दार बंद होतं.

"आई? अहो, आई कुठे गेली?"

सर धावत आले. त्यांनी दार ढकललं. ते नखाएवढं उघडलं आणि थांबलं. आतून धडधड, धडधड.

"आई!" बाईंनी दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या. "आई, तू आत आहेस? तू आत अडकलीस! मी बंद करते हां मशीन, घाबरू नकोस!"

"मी कशाला घाबरू?" आतून अत्यंत प्रसन्न आवाज आला. "मला जिथे पोचायचं होतं तिथे मी पोचले. घाबरायचं ते तुम्ही घाबरा. आणि बंद करू नकोस, ब्लँकेट पिळून होऊ दे. ओलं ब्लँकेट मला चालत नाही."

थोडा वेळ आत काय चाललं आहे ते कळेना. मग पुन्हा आवाज आला. "अगं, हे माझ्या अंगावर येतंय."

"आई!" सर ओरडले. "त्याच्यावर लंब बल वाढवा!"

"काय वाढवू?"

"लंब बल! म्हणजे घर्षण..."

"जावईबापू, कळेल असं बोला."

"वरून रेला त्याच्यावर!"

धडधड मंदावली. नंतर नुसती गुणगुण राहिली. पॅसेजमध्ये दोघं एकमेकांचा हात धरून उभे होते. कोणी कधी धरला ते दोघांनाही आठवत नव्हतं.

"थांबलं बघ," आतून आई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात काहीतरी वेगळं होतं. वॉर्डात रात्रभर तळमळणारा पेशंट शेवटी झोपला की असा आवाज होत असावा. "नुसता हात ठेवून उभं राहायचं होतं. एवढ्यासाठी पडदे काय काढलेत?"

पिळणं संपायच्या आधी त्यांनी मशीनला बाजूने हलकेच रेटलं. आतल्या बाजूने ते कुठेच अडलेलं नव्हतं. ते आज्ञाधारकपणे भिंतीशी गेलं. दार उघडलं आणि आई बाहेर आल्या, एका हातात काठी आणि दुसऱ्या खांद्यावर ब्लँकेट. बाईंनी त्यांना मिठी मारली आणि त्या ढसाढसा रडल्या.

"रडतेस काय? चहा टाक आता. आता चहा हा उपाय आहे."

तिघं चहा प्यायला बसले. शेवटी बाईंनीच धीर केला. "उद्या जाणार तू?"

आईंनी कप खाली ठेवला. "जे हलतं ते यांचं. ज्यातून वीज वाहते ते तुझं. बरोबर?"

"हो."

"आणि जे थांबवायचं, ते कोणाचं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतकी वर्षं संसार करून हे खातं रिकामं राहिलंय, हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

"मग ते माझं," आई म्हणाल्या. "बॅग वर ठेवा कपाटावर. आणि धुणं लावायचं असेल तेव्हा मला आधी सांगत जा."

आठ दिवस झाले, महिना झाला. धुण्याच्या दिवशी आई सकाळीच तयार होऊन बसत. पिळणं सुरू झालं की बाथरूममध्ये स्टूल टाकत, एक हात मशीनवर ठेवत आणि त्याला दटावत, "हां, पुरे. कुठे निघालास?" मशीन ऐकायचंही.

मशीन इतकं का सरकतं, हे सरांना दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. चकत्या लावताना त्यांच्याच हातून मशीनचा एक पाय सैल राहिला होता. सर पाना घेऊन खाली बसलेही होते. तेवढ्यात बाहेरून आईंनी विचारलं, "आज धुणं आहे ना?" सरांनी पाना गुपचूप ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. बाईंनाही एकदा फरशी पुसताना तो पाय दिसला. हलणारी वस्तू आहे, आपल्या खात्यात येत नाही, असं म्हणून त्या पुढे पुसत गेल्या.

मग एकदा पाण्याची नळी गळायला लागली म्हणून मेकॅनिक आला. कामसू होता. "काकू, याचा पाय पण सैल होता, आवळून दिलाय," तो जाताना म्हणाला. "आता जागचं हलणार नाही."

"अजिबात नाही?" आईंनी विचारलं.

"अजिबात नाही."

"बरं झालं," आई म्हणाल्या आणि आपल्या खोलीत गेल्या. संध्याकाळी चहाला आल्या नाहीत. नंतर सरांना म्हणाल्या, "ती कपाटावरची बॅग जरा खाली काढून द्या. धूळ बसली असेल, झटकून ठेवते." सरांनी बॅग काढून दिली. जेवताना तिघंही मान खाली घालून जेवले.

पुढच्या धुण्याला बाईंनी मुद्दाम तेच ब्लँकेट टाकलं. आई सवयीने स्टूल घेऊन आल्या, पण दारातच उभ्या राहिल्या. मशीन पिळायला लागलं आणि जे निघालं ते थांबायचं नावच घेईना. नाचत नाचत ते उघड्या दारातून पॅसेजमध्ये आलं आणि जाड, लांब, उत्तम प्रतीची वायर मागे ओढत थेट हॉलकडे वळलं.

"सरका, सरका!" आई काठी टाकून पुढे झाल्या. "माझं खातं आहे!" त्या दोन्ही हातांनी मशीनवर रेलल्या. मशीन कुरकुरत थांबलं. आईंचा चेहरा लाल झाला होता आणि बऱ्याच दिवसांनी त्या मनापासून हसत होत्या.

मशीनचा एक पाय पुरता निखळून फरशीवर गोल गोल फिरत होता. तिघंही त्याच्याकडे बघत राहिले.

"परवाच तर आवळला होता," बाई म्हणाल्या. "मी अगदी एकच वेढा सैल..." आणि त्यांनी जीभ चावली.

"मीसुद्धा एकच," सर हळूच म्हणाले.

पण एका-एका वेढ्याने पाय निखळून पडत नाही, हे दोघांनाही कळत होतं. सरांनी पाय उचलला आणि तो परत बसवायला ते ड्रॉवरमध्ये पाना शोधू लागले. पाना तिथे नव्हता.

आईंनी विणकामाच्या पिशवीत हात घातला, लोकरीच्या गुंड्याखालून पाना काढला आणि त्यांच्या हातात दिला.

"फार आवळू नका," त्या म्हणाल्या.